मिटल्या डोळ्यांचं मतदान

प्राध्यापक देवस्थळी पहिल्यांदा आमच्या सुरेवाडीला आले ते त्र्याहत्तरच्या मार्चात, दुष्काळ ऐन भरात होता तेव्हा. नेवाशाची एसटी फाट्यावर सोडायची. तिथून दोन मैल उन्हातून पायी, खांद्याला शबनम, डोक्यावर ओला रुमाल, अशा थाटात हा माणूस माझ्या ओट्यावर येऊन टेकला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच त्यानं विचारलं, की प्रोटेस्टंट मिशनच्या कामामुळे इकडच्या खेड्यांत लोकशाही रुजायला मदत झाली असं मला वाटतं का. त्या दिवसांत गावात येणारा जो तो विहिरीत पाणी किती हात उरलंय एवढंच विचारायचा. लोकशाही कुठून आली हे विचारणारा हा पहिलाच. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू.

मी पुंजाराम साळवे. मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तर होतो आणि मंडळीचा चिटणीस अजून आहे. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद; बायकोला मंडळी म्हणणाऱ्यांनी घोटाळा करून घेऊ नये. निवृत्त होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि निवृत्त मास्तराला ऐकणारा मिळाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. देवस्थळींना मी दुपारभर सोडलं नाही.

त्यांना सांगितलं, की आमची वस्ती गावकुसाबाहेरची. माझा आजा चावडीच्या पायरीखाली उभा राहून आपलं म्हणणं ओरडून सांगायचा, वर कोणी ऐकलं तर ऐकलं. तोच आजा रविवारी चर्चमध्ये गोऱ्या साहेबाबरोबर एकाच जाजमावर बसायचा आणि नवा पाळक, म्हणजे धर्मगुरू, कोण आणावा यावर मत द्यायचा. महिन्याला मंडळीची सभा. सभेला विषय, विषयाला सूचक, सूचकाला अनुमोदक, मग मत, मग वहीत नोंद. पुढं गावात पंचायत आली तेव्हा ठराव कसा लिहितात हे गावात एकाला ठाऊक नव्हतं. पाटलांनी मलाच बोलावणं धाडलं. आजा ज्या पायरीखाली उभा राहायचा ती चढून मी वर गेलो आणि पाटलांना अनुमोदक म्हणजे काय ते समजावलं. एकानं म्हटल्यावर तेच पुन्हा दुसऱ्यानं कशाला म्हणायचं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

देवस्थळी हसले आणि भराभर लिहून घेऊ लागले. मग मला आणखी चेव आला आणि मी आमच्या मतदानाची रीत सांगितली.

आमच्या मंडळीत निम्म्याहून जास्त लोकांना लिहिता येत नव्हतं. चिठ्ठ्यांची सोय नाही, म्हणून हात वर करून मत घ्यायचं. पण मिशनच्या मोठ्या मडम, ज्या आमच्यात तीस वर्षं राहिल्या, त्यांच्या लक्षात आलं की मत मागितलं की सगळे आधी एका म्हाताऱ्याकडे बघतात. त्याचा हात वर गेला की बाकीच्यांचे जातात, आणि बायकांचे तर नवऱ्यांच्या मागोमाग. तेव्हा मडमनी सांगितलं, प्रार्थनेला मिटतो तसे डोळे मिटा आणि मग हात वर करा. तुमचा हात देवाला दिसेल आणि मोजणाऱ्याला दिसेल, तिसऱ्या कोणाला दिसणार नाही. तेव्हापासून तीच रीत पडली. सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकट्या चिटणीसानं उघडे ठेवायचे, आणि हात मोजून आकडा सांगायचा. चिटणीसाला स्वतःचं मत नसायचं.

देवस्थळींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, निरक्षर माणसांचं गुप्त मतदान, तेही इतक्या आधीपासून, हे त्यांनी कुठंच वाचलं नव्हतं. त्यांना सभेची वही बघायची होती. मी कौतुकानं पत्र्याची पेटी उघडून तीन वह्या काढून दिल्या. एवढ्या उत्साहात माणसाला भान राहत नाही. पानं उलटता उलटता ते एक्कावन्न सालच्या नोंदीवर थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले: मुख्य पंचांची निवड, आसाराम तेवीस, राहीबाई एकोणीस.

एक्कावन्न साली मुख्य पंच म्हणून बाई उभी होती, आणि फक्त चार मतांनी हरली, याचं त्यांना फार नवल वाटलं. देशाची पहिली निवडणूकसुद्धा तेव्हा व्हायची होती, असं ते दोनदा म्हणाले. राहीबाई हयात आहेत का, असं विचारलं. आहेत म्हटलं. मग पुढं त्या ग्रामपंचायतीला का उभ्या राहिल्या नाहीत? मी म्हटलं, ते त्यांनाच विचारावं लागेल. त्या दिवशी त्यांना शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा येतो आणि राहीबाईंना भेटतो असं सांगून ते उठले. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेलो नाही. चोराच्या मनात चांदणं. वही मांडीवर घेऊन ओट्यावरच बसून राहिलो.

कारण ते आकडे खोटे आहेत. ते मी लिहिलेत.

एक्कावन्न साली मिशनचे गोरे लोक परत चालले होते. शाळा, दवाखान्याची खोली, कंपाउंडातली विहीर, हा सगळा कारभार मंडळीच्या हाती यायचा होता आणि त्यासाठी मुख्य पंच निवडायचा होता. तोवर ती जागा साहेबाची असायची. उमेदवार दोन. एक आसाराम, पलटणीतून परत आलेला, मामलेदारासमोर इंग्रजीची दोन वाक्यं टाकणारा. दुसरी राहीबाई.

राहीबाई बायबलबाई होती. घरोघर जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची, सासवासुनांची भांडणं मिटवायची, हे तिचं काम. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती आणि गोजरबाई एकाच वर्षी लग्न होऊन सुरेवाडीत आल्या, आणि मडमच्या दुपारच्या शाळेत दोघी एका पाटीवर लिहायला शिकल्या. एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं. राहीबाईनं उभं राहावं ही कल्पनासुद्धा गोजरबाईची. मडम असत्या तर तुलाच म्हनल्या असत्या, असं म्हणून तिनं तिला तयार केलं होतं.

सभेच्या दिवशी मी प्रार्थना केली, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि आसारामचं नाव घेतलं. हात मोजले, एकोणीस. मग राहीबाईचं नाव घेतलं. तेवीस. पुन्हा मोजले, तेवीसच. बेचाळीस माणसं माझ्यावर भरवसा ठेवून डोळे मिटून बसली होती आणि त्या खोलीत बघणारा मी एकटा होतो.

का केलं, हे मी स्वतःला बावीस वर्षं निरनिराळ्या तऱ्हेनं समजावत आलोय. गाव हसेल, म्हणेल साहेब गेले आणि यांच्या बोडक्यावर बाई बसली. कचेरीत बाईला कोण उभं करणार? विहिरीवरून तंटा झाला तर पाटलांसमोर कोण जाणार? कारणं सगळी चांगली आहेत, आणि सगळी नंतर सुचलेली आहेत. खरं एवढंच, की मी शिकलेला मास्तर, आणि राहीबाईच्या हाताखाली चिटणीस म्हणून बसायचं माझ्या जिवावर आलं. ती माझ्या वाचनातल्या चुका भर उपासनेत काढायची, तेही मनात होतं. मी काही फार केलं नाही. आकड्यांची अदलाबदल केली. डोळे उघडा म्हटलं, त्यांनी उघडले, आणि आसाराम तेवीस म्हणून जाहीर केलं.

आसारामनं कारभार बरा केला. वस्तीत त्याच्याविषयी तक्रार नव्हती. मी मनाला समजावलं, की कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मला न सुचलेल्या ठिकाणी.

राहीबाईनं सभेच्या आधी घर न घर पालथं घातलं होतं आणि तिचा अंदाज तेवीसचा होता. अंदाज अगदी बरोबर होता. निघाली मात्र एकोणीस, म्हणजे चार कमी. आता चार मतं कोणाची? गोजरबाईच्या घरात नेमकी चार मतं होती: ती, तिचा नवरा भीमा, मुलगा आणि नुकतीच आलेली सून केशरबाई. आणि भीमा हा आसारामचा चुलतभाऊ. राहीबाईला आणखी पुरावा कशाला पाहिजे? माझ्या आकड्यानं जणू गोजरबाईच्या घराकडे बोट दाखवलं होतं, आणि ते दाखवताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

राहीबाई तिच्याशी बोलायची बंद झाली. गोजरबाईनं पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेतली. खोट्यापायी शास्त्राला हात लावू नगं, एवढंच राहीबाईनं तिला ऐकवलं आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर गोजरबाई माझ्याकडे आली. शाळा सुटली होती, मी फळा पुसत होतो. ती दारातच उभी राहिली.

"मास्तर, डोळे तुमचेच उघडे हुते. माझा हात वर हुता का न्हाई, एवढंच तिला सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पुसलेला फळा पुन्हा पुसला आणि म्हणालो, "गोजरबाई, मतदान गुप्त असतं. कोणाचा हात कुठं होता हे चिटणीसाला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

 मग नियम असंल तर ऱ्हाऊ द्या, असं म्हणून ती गेली. मला आठवतं, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि आपण नियमाला धरून बोललो याचा थोडा अभिमानही वाटला होता. आकडे फिरवले त्यापेक्षा मला याची लाज जास्त वाटते. मडमनी गरिबाच्या रक्षणासाठी जी रीत घालून दिली तिच्याच आड मी लपलो.

दोन वर्षांनी भीमाचं घर कोपरगावकडे साखर कारखान्यावर कामाला गेलं आणि तिकडंच राहिलं. पासष्ट साली गोजरबाई वारल्याचा निरोप आला. वस्तीतली दहा-बारा माणसं मातीला गेली, मीही गेलो. राहीबाई गेली नाही. मधल्या काळात सरपंच स्वतः तिच्याकडे आले होते. पंचायतीत बायकांच्या दोन जागा भरायच्या होत्या आणि गावात सही करणाऱ्या, चार माणसांत बोलणाऱ्या बायका होत्या किती? त्यांना ती म्हणाली, माझ्या मानसांनीच मला न्हाई म्हटलं, तिथं गाव कशाला व्हय म्हनंल. त्या जागांवर मग दोन अशा बायका घेतल्या ज्यांनी पंचायतीची पायरी कधी पाहिली नाही. त्यांचे अंगठे घरी जाऊन घ्यावे लागत. ठराव लिहायला मी होतोच, त्यामुळं मला हे सगळं माहीत आहे.

देवस्थळी पुन्हा येणार त्याला आठ दिवस होते. पहिले दोन दिवस मी राहीबाई आजारी आहे असं पत्र टाकायचा विचार करत होतो. साठीच्या माणसाला असे विचार येतात, हेही लिहून ठेवलेलं बरं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, की रविवारी हा सज्जन माणूस तिच्यासमोर वही उघडून एकोणीस हा आकडा वाचेल आणि तुम्ही चार मतांनी का हरलात असं विचारेल. आणि ती पुन्हा गोजरबाईचं नाव घेईल, मेलेल्या माणसाचं, माझ्यासमोर. ते मला ऐकवलं नसतं. मी काठी घेऊन निघालो.

राहीबाई दुष्काळी कामावर होती. वय चौसष्ट-पासष्टचं, खडी फोडणं होत नव्हतं, म्हणून बाभळीच्या सावलीत बांधलेल्या झोळ्यांमधली पोरं सांभाळायची आणि माणसांना पाणी द्यायची. रस्त्याकडेला हातोड्यांचा आवाज चालू होता. मी तिच्याजवळ दगडावर बसलो. झोळ्यांतल्या पोरांची चौकशी केली, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरीला नावं ठेवली, आणि बोलायचं ते बोलता येईना. शेवटी मान खाली घालून एका दमात सांगितलं. की एक्कावन्न साली निवडून तुमी आल्या होत्या. तेवीस तुमचे, एकोणीस आसारामचे. मी उलटं सांगितलं.

ती एका झोळीची दोरी ओढत होती, ती ओढतच राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही. पुन्हा सांगणार तेवढ्यात तिनं विचारलं.

"हात कोनाकोनाचे हुते?"

ती का विचारते ते मला लगेच कळलं. मी पुरुषांपासून सुरुवात केली. कोण कुठं बसलं होतं ते मला अजून दिसतं. असली गोष्ट विसरायची सोय नसते. पुरुषांची नावं संपली, मग बायकांच्या बाजूला आलो. बनुबाई, छबूबाई, रतनबाई. पुढच्या नावाशी अडखळलो.

"गोजरबाई," मी म्हणालो.

दोरी थांबली.

"भीमाचा?"

"भीमाचापण."

"पोराचा न् केसरचा?"

"चारी हात वर होते, राहीबाई."

झोळीतलं पोर रडायला लागलं. तिनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटलं, ते गप्प झाल्यावर परत ठेवलं. मी वाट बघत होतो, की ही आता मला बोलेल, शिव्या देईल, निदान उठून जा म्हणेल. तिनं मला बोल लावला असता तर फार बरं झालं असतं.

"ती तुमच्याकडं आली हुती," ती म्हणाली. "माझ्या दाराबाहिरून म्हनली, आता मास्तरांनाच इचारून येते. मी आत उभी हुते. परत आलीच न्हाई. तवा म्हटलं, झालं, मास्तरांनी खरं सांगितलं असनार, हिचा हात नव्हताच. काय सांगितलंत तिला?"

"नियम सांगितला," मी म्हणालो. 

तिनं मान हलवली. मी म्हटलं, रविवारी मंडळीपुढं उभा राहून कबूल करतो, वहीतला आकडा खोडतो, तुमी म्हणाल ते करतो. तुमचं तुमी बघा, असं ती म्हणाली. मग कोपरगावची गाडी फाट्यावर किती वाजता येते ते विचारलं. सकाळी सातला, मी सांगितलं. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती शनिवारी परत आली. माझ्याकडे फिरकली नाही आणि मलाही तिच्या दारात जायचा धीर झाला नाही.

रविवारी उपासनेनंतर देवस्थळी, राहीबाई आणि मी असे तिघंच चर्चमध्ये जाजमावर बसलो. पाळकांना मी आधीच सांगितलं होतं, की संध्याकाळच्या सभेत मला काही बोलायचं आहे. राहीबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. देवस्थळींनी तिला अदबीनं विचारलं, की मिशनमुळे तुम्हाला मत द्यायला, आपलं म्हणणं मांडायला शिकायला मिळालं असं वाटतं का.

वाटतं की, ती म्हणाली. सासऱ्यासमोर पदर सावरायलासुद्धा आमी भ्यायचो, आणि तितं त्याच्या मताच्या इरुद्ध हात वर करायचो. मडमनं शिकवलं ते खोटं न्हाई. तिच्याआधी आमाला कुनी इचारलंच नव्हतं तुमचं काय मत हाय म्हनून. देवस्थळींनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की एवढी हिंमत होती तर एक्कावन्ननंतर तुम्ही पुन्हा कुठं उभ्या का राहिला नाहीत?

 राहीबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकदा हरले," ती म्हणाली, "मग मन झालं न्हाई."

देवस्थळी ते लिहू लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. गोजरबाईला दिलेलं उत्तरही सांगितलं, नियमासकट. त्यांनी ऐकून घेतलं. असं एकदाच झालं का, विचारलं. एकदाच, मी म्हणालो, आणि ते खरं आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, की एका माणसाच्या हातून झालेल्या चुकीमुळे त्या रीतीचं महत्त्व कमी होत नाही. शिवाय यात बाईंच्या खासगी भावना गुंतल्या आहेत, तेव्हा लेखात हे घालावं की नाही याचा ते विचार करतील. मी म्हटलं, घाला. रीत आणि चूक वेगळी काढता येणार नाही. डोळे मिटलेले होते म्हणूनच तर मला ते करता आलं. बघू, ते म्हणाले. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट आवडली होती. मलाही तीच आवडत होती, तर त्यांना कोणत्या तोंडानं दोष देऊ?

चारच्या गाडीला ते गेले. जाताना राहीबाईला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि तिनं त्यांना सांभाळून जा म्हटलं. मग चर्चमध्ये आम्ही दोघंच राहिलो. मी तिला विचारलं, की प्राध्यापकांसमोर माझं नाव का घेतलं नाही.

"घेऊन काय करू? जिनं ऐकायचं ती हाय का आता?" ती म्हणाली.

मग तिनंच कोपरगावचं सांगितलं. भीमा पण वारलाय. पोरगा कारखान्यावर आहे. केशरबाईनं तिला लगेच ओळखलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर राहीबाईनं तिला सांगितलं, की तुझ्या सासूचं काही चुकलं नव्हतं, चुकले ती मीच. मतं मोजण्यात घोटाळा झाला होता, एवढंच सांगितलं. कोणी केला ते केशरबाईनं विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. केशरबाई रडायला लागली. राहीबाईला वाटलं, सुटकेचं रडतीय. पण ते तसलं रडणं नव्हतं.

"केसर म्हनली, सासूबाई शेवटी शेवटी सारकं तेच बोलायच्या." राहीबाई जाजमाकडे बघत सावकाश सांगत होती. "म्हनायच्या, मास्तर खोटं कशाला मोजतील? शिकलेला मानूस. माझा हात दिसला असता तर नियम बाजूला ठिवून सांगितलं असतं त्यांनी. डोळे मिटले हुते, माझाच हात नीट वर गेला नसंल. पदरात गुतला असंल. माझ्यापायी राही हरली."

मला वाटलं होतं, गोजरबाई निदान आपण खरं बोललो हे तरी मनाशी धरून गेली असेल. तेवढंही मी तिच्याजवळ राहू दिलं नव्हतं.

मी राहीबाईला सांगितलं. गोजरबाई बायकांच्या दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसली होती. राहीबाईचं नाव घेतलं तसा तिचा हात इतक्या जोरात वर गेला की पदर खांद्यावरून खाली आला आणि कोपरापर्यंत हात उघडा पडला. तो तिनं शेवटपर्यंत खाली घेतला नाही. दोन्ही वेळा मी मोजायला सुरुवात केली ती तिच्यापासून, कारण सगळ्यांत आधी नजरेला पडला तो तिचा हात.

राहीबाईनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, आनिक एकदा.